कशाचे नव्वद टक्के? सांडपाण्याच्या गाळातून स्फुरद परत कसं मिळवायचं

माझ्या ऑफिसच्या टेबलावर वीतभर पाइपचा तुकडा पडलेला असतो. बाहेरून साधा, ८० मिलिमीटरचा. डोळ्यासमोर धरून आरपार बघितलं की आत जेमतेम करंगळी जाईल एवढं भोक दिसतं, बाकी सगळा पाइप पांढरट-करड्या स्फटिकांनी भरलेला. नखाने खरवडलं तर खडीसाखरेसारखी कणी हातात येते. गाळ पिळून निघालेलं पाणी परत टाकीकडे नेणाऱ्या लाइनचा हा कोपरा. तीन दिवस आम्ही पंपालाच दोष देत तो खोलून बसलो होतो. शेवटी फोरमनने ग्राइंडर घेतला, पाइप कापला आणि माझ्या हातात ठेवला.

ती खडीसाखर म्हणजे स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र येऊन बनणारा हा क्षार म्हणजे चांगलं खतच. वजनाच्या १२.६ टक्के फॉस्फरस, ५.७ टक्के नत्र आणि जवळपास १० टक्के मॅग्नेशियम. तो पाइपमध्ये न साचता आपण ठरवलेल्या टाकीत साचला तर डोकेदुखीचं खत होतं.

मी उत्तर जर्मनीतल्या एका मध्यम शहराच्या सांडपाणी केंद्रात प्रोसेस इंजिनिअर आहे. इथे हा विषय आता हौसेचा राहिलेला नाही, कायद्याच्या तारखा ठरल्या आहेत. महाराष्ट्रातल्या एसटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर) काम करणारे मित्र अधूनमधून विचारतात, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे. एक प्रश्न मात्र शेवटपर्यंत सोडू नका. कोणी विक्रेता येऊन "आमच्या यंत्रात ९० टक्के वसुली" म्हणाला, की विचारायचं, कशाचे ९० टक्के?

आधी मामाचा हिशोब

माझा मामा सांगली जिल्ह्यात ऊस करतो. खरिपाच्या तोंडावर अठरा-सेहेचाळीसचं, म्हणजे डीएपी खताचं, पोतं मिळेनासं झालं की त्याचा फोन येतो. एकदा म्हणाला, "आरं, तुमच्या त्या घाणीत एवढं स्फुरद हाय म्हणतोस, मग पोतं किती निघतंय ते सांग की."

हिशोब सोपा आहे, पण एक खाच आहे. खताच्या पोत्यावर लिहिलेलं स्फुरद म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइड, आणि प्रयोगशाळेचा अहवाल येतो तो शुद्ध फॉस्फरसमध्ये. पोत्यावरच्या आकड्याला २.२९ ने भागलं की फॉस्फरस मिळतो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद, म्हणजे १० किलो फॉस्फरस. जर्मनीत माणशी रोज साधारण १.८ ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात येतो असं धरतात. त्यात मोठा वाटा लघवीचा, मग विष्ठेचा, थोडा खरकट्याचा आणि साबणाचा. वर्षाला झाला सुमारे ६६० ग्रॅम. म्हणजे पंधरा माणसांचं वर्षभराचं सांडपाणी म्हणजे एका पोत्यातलं स्फुरद. एक लाख वस्तीचं गाव वर्षाला साडेसहा हजार पोत्यांइतकं स्फुरद गटारात सोडतं.

मामा गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग अडलंय कुठं?"

अडतं ते पुढे लिहिलेल्या प्रत्येक पायरीवर थोडं थोडं.

पायरी १: फॉस्फरस कुठे जातो ते आधी मोजा

यंत्राची माहितीपत्रकं गोळा करण्याआधी वर्षभराचा ताळेबंद मांडा. एक लाख लोकसंख्येचा भार असलेलं केंद्र धरू. आत येतो रोज १८० किलो फॉस्फरस. शुद्ध पाणी नदीत सोडताना लिटरमागे १ मिलिग्रॅम फॉस्फरस उरतो आणि पाणी रोज २० हजार घनमीटर आहे असं समजा. म्हणजे २० किलो नदीत गेला. उरलेला १६० किलो कुठे गेला? फॉस्फरसचा वायू होऊन तो उडून जात नाही. तो सगळा गाळात बसतो.

आता गाळ. डायजेस्टरमधून (गाळ हवेविना कुजवायची बंद टाकी) गॅस काढून झाल्यावर अशा केंद्रात रोज अंदाजे ५ टन कोरडा गाळ उरतो. १६० किलो भागिले ५ टन, म्हणजे किलोमागे ३२ ग्रॅम. हा आकडा कागदावर ठळक लिहून भिंतीला लावा, कारण जर्मन कायद्याचा उंबरठा किलोमागे २० ग्रॅम आहे.

एका दिवसाच्या नमुन्यावर विसंबू नका. पावसाळी आठवडा, सुट्ट्यांचे दिवस, एखाद्या दूध डेअरीचं धुण्याचं पाणी, यांनी आकडा हलतो. आत येणारा आणि बाहेर जाणारा हिशोब १० टक्क्यांच्या आत जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा चूक फ्लो मीटरमध्ये किंवा गाळाच्या घट्टपणाच्या मोजणीत सापडते.

पायरी २: तो कोणत्या रूपात बसलाय ते बघा

अख्ख्या कामातली ही सगळ्यात स्वस्त पायरी, आणि नेमकी हीच लोक गाळतात.

पाण्यातून फॉस्फरस काढायचे दोन मार्ग असतात. एक रासायनिक. फेरिक क्लोराईड किंवा तुरटीच्या जातीचा क्षार टाकला की फॉस्फेट लोखंडाला किंवा ॲल्युमिनियमला घट्ट चिकटून खाली बसतं. दुसरा जैविक. काही जीवाणूंना आळीपाळीने हवेविना आणि हवेत ठेवलं की ते गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट पोटात साठवतात. हा साठा उधारीचा असतो. गाळ डायजेस्टरमध्ये हवेविना गेला की जीवाणू तो पाण्यात सोडून देतात. स्ट्रुव्हाइट बनतं ते या सुटलेल्या फॉस्फेटपासून. लोखंडाला चिकटलेलं फॉस्फेट सहज सुटत नाही.

तेव्हा डायजेस्टरनंतरच्या गाळाचा नमुना घ्या, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि विरघळलेलं फॉस्फेट मोजा. लिटरमागे फॉस्फरस ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर स्ट्रुव्हाइटच्या यंत्रावर पैसे घालू नका. जैविक पद्धतीच्या केंद्रात हा आकडा २०० च्या आसपास किंवा वरही मिळतो.

एक धडा मी स्वतः खाल्लेला. सुरुवातीला आमचे आकडे कमी येत होते. नमुना संध्याकाळी घ्यायचो, सकाळी प्रयोगशाळेत द्यायचो. एकदा बाटली उलटी केली तर तळाला पांढरी कचकच. रात्रभरात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला, सामू (पीएच) वाढला आणि स्ट्रुव्हाइट बाटलीतच बनून बसलं. प्रयोगशाळेने जे मोजलं ते उरलेलं होतं. तेव्हापासून नमुना जागच्या जागी गाळायचा हा आमचा नियम.

पायरी ३: तीन दारं, आणि प्रत्येकामागे वेगळा माल

पहिलं दार पाण्याचं: डायजेस्टरनंतर विरघळलेलं फॉस्फेट स्ट्रुव्हाइट करून काढायचं. वर धरलेल्या केंद्रात रोज १६५ घनमीटर पातळ गाळ निघतो आणि त्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे ३३ किलो. यंत्राने त्याचे ९० टक्के धरले तरी हातात ३० किलो. आलेल्या १८० किलोच्या तुलनेत सोळा-सतरा टक्के. माहितीपत्रकातले ९० टक्के या ३३ किलोंचे असतात.

दुसरं दार गाळाचं: गाळाला आम्ल पाजून लोखंडाला चिकटलेला फॉस्फरस सोडवायचा आणि मग साचवायचा. ऑफेनबुर्ग इथे २०११ पासून श्टुटगार्ट पद्धत नावाने हे करून बघितलं गेलं. सामू साधारण ४-५ पर्यंत खाली आणतात, सुटलेल्या धातूंना सायट्रिक आम्लाने धरून ठेवतात. गाळातला निम्मा फॉस्फरस निघतो, पण आम्लाचं बिल डोळे पांढरे करतं.

तिसरं दार राखेचं: गाळ वेगळ्या भट्टीत जाळायचा आणि राखेतून काढायचा. राखेत सगळाच्या सगळा फॉस्फरस असतो, त्यामुळे इथले ८५ टक्के हे खरोखर मोठे ८५ टक्के. गाळातल्या १६० चे ८५ टक्के, म्हणजे आलेल्या १८० पैकी १३६ किलो.

यांच्या अधलीमधली एक वाटही आहे. हवेविना असलेल्या गाळात लोखंड आणि फॉस्फेट मिळून व्हिव्हियानाइट नावाचं खनिज बनतं आणि ते चुंबकाला किंचित ओढलं जातं. नेदरलँड्समध्ये ते चुंबकाने वेचून काढायचे प्रयोग झाले आहेत. लोखंड वापरणाऱ्या केंद्रांनी याच्यावर नजर ठेवावी, पण आज ऑर्डर देण्याइतकं हे पिकलेलं नाही असं माझं मत.

पायरी ४: स्ट्रुव्हाइट करायचं ठरलं तर

आधी बीकरमध्ये करा. गाळ पिळून निघालेलं ताजं पाणी एक लिटर घ्या, सामू आणि फॉस्फेट मोजा. मॅग्नेशियम क्लोराईडचं द्रावण घाला आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून अर्धा तास हवा सोडा. कार्बन डायऑक्साइड निघून जाईल तसा सामू ७.३-७.४ वरून ८ च्या वर चढतो. कॉस्टिक सोडा न घालता, नुसत्या हवेने. मग पाणी गढूळ होतं, आणि थांबवलं की तळाला बारीक चमकणारी रवाळ पूड बसते. पुन्हा गाळून फॉस्फेट मोजा. फरक म्हणजे तुमची खरी वसुली.

मॅग्नेशियम किती? एक किलो फॉस्फरसला हिशोबाने ०.७८ किलो लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्त घालतात. किलोला किलो धरा. ३३ किलो फॉस्फरसला ३३-३४ किलो मॅग्नेशियम, म्हणजे ३० टक्के तीव्रतेचं मॅग्नेशियम क्लोराईड रोज साधारण ४४० किलो. रोजचा खर्च म्हणजे मुख्यतः हाच. मॅग्नेशियम ऑक्साइड स्वस्त पडतं पण सावकाश विरघळतं, बरंचसं न विरघळताच मालात मिसळतं. कोकण किनाऱ्यावर मिठागरांत मीठ काढून जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं. मुंबई-पालघर-रायगड पट्ट्यातल्या केंद्राने बीकरचा प्रयोग त्या पाण्यावर करून बघायला हरकत नाही.

पाणी जड असेल तर सावध. कॅल्शियम जास्त असलं की ते फॉस्फेट पळवतं आणि खडीसाखरेऐवजी खाली न बसणारी पिठूळ भुकटी तयार होते. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गावांत हे हमखास होणार.

यंत्र कुठे बसवायचं, पिळण्याआधी की नंतर? बर्लिनच्या वास्मान्सडॉर्फ केंद्राने पिळण्याआधी, थेट गाळात ते केलं. तिथेही सुरुवात माझ्या टेबलावरच्या पाइपसारखीच झाली होती. जैविक पद्धत आल्यावर पाइप भरायला लागले, म्हणून गाळात हवा आणि मॅग्नेशियम सोडून स्ट्रुव्हाइट मुद्दाम टाकीत पाडायला लागले. ते तिथे "बर्लिनर प्फ्लान्त्से", म्हणजे "बर्लिनचं रोप", या नावाने खत म्हणून विकलं गेलं. या पद्धतीचा न मिरवलेला फायदा असा की फॉस्फेट निघाल्यावर गाळ जास्त चांगला पिळला जातो. पिळलेला गाळ दोन-तीन टक्क्यांनी कोरडा झाला तरी ट्रकच्या फेऱ्या कमी होतात, आणि बहुतेक केंद्रांत यंत्राचे पैसे खत विकून नव्हे, इथून सुटतात. तोटा असा की बारीक कण गाळातच राहतात आणि जे हाताला लागतं ते धुवावं लागतं. पिळल्यानंतरच्या पाण्यात केलं तर माल स्वच्छ, गोल मण्यांसारखा निघतो, पण सेंट्रीफ्यूजच्या (गाळ पिळायच्या यंत्राच्या) आधीचे पाइप तसेच भरत राहतात.

आमच्याकडे आम्ही पिळण्याआधीचा पर्याय घेतला. आम्हाला पाइप वाचवायचे होते.

पायरी ५: कायद्याशी ताळा

आता भिंतीवरचा ३२ ग्रॅमचा आकडा परत बघा. रोजच्या १६० किलोतून स्ट्रुव्हाइटने ३० किलो काढले, उरले १३०. किलोमागे २६ ग्रॅम. उंबरठा २० चा. म्हणजे लाखो युरोंचं यंत्र बसवून, खत विकून, वर्तमानपत्रात फोटो छापून आणूनही केंद्र कायद्यात नापास.

जर्मनीचा गाळ अध्यादेश २०१७ मध्ये बदलला. त्याचं सार असं. १ जानेवारी २०२९ पासून एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या भाराची केंद्रं, आणि १ जानेवारी २०३२ पासून ५० हजारांहून जास्त भाराची केंद्रं, यांना गाळ शेतात टाकता येणार नाही. कोरड्या गाळात किलोमागे २० ग्रॅम किंवा जास्त फॉस्फरस असेल तर तो परत मिळवावाच लागेल. गाळातून काढणार असाल तर किमान ५० टक्के काढा किंवा गाळ २० ग्रॅमच्या खाली आणा. जाळून राखेतून काढणार असाल तर राखेतला किमान ८० टक्के. छोट्या केंद्रांना शेताची वाट अजून मोकळी आहे. कोण काय करणार याचा अहवाल केंद्रांना ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत द्यायचा होता.

म्हणून पहिल्या पायरीवर इतका जीव तोडून सांगितलं. तुमचा गाळ मुळात २३-२४ ग्रॅमचा असेल तर स्ट्रुव्हाइट त्याला १९ वर आणू शकतं आणि तुमची भट्टीच्या रांगेतून सुटका होऊ शकते. ३२ चा असेल तर नाही.

स्वित्झर्लंड याच्या आधी निघालं. तिथे गाळ शेतात टाकणं २००६ पासूनच बंद झालं, आणि २०१६ मध्ये लागू झालेल्या कचरा अध्यादेशाने फॉस्फरस परत मिळवण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ऑस्ट्रियाने २०३३ पासून २० हजार लोकसंख्येच्या भारापर्यंत खाली उतरायचं ठरवलंय, म्हणजे तिथे बरीच लहान गावंही आत येतात.

युरोपीय संघाचा पाया मात्र अजून १९८६ चा गाळ निर्देशच आहे, आणि त्याला चिंता शेतात जाणाऱ्या जड धातूंची. फॉस्फरसकडे खनिज म्हणून बघणं नंतर आलं. फॉस्फेट खडक २०१४ मध्ये युरोपच्या अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत गेला. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या सांडपाण्याच्या नव्या निर्देशात फॉस्फरसच्या पुनर्वापराचं किमान प्रमाण ठरवण्याचं काम युरोपीय आयोगावर सोपवलं आहे. कारण उघड आहे. जगातले बहुतांश ज्ञात साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात. उत्पादनात चीन पुढे, आणि २०२१ मध्ये त्याने निर्यात आवळली तेव्हा इकडे खताचे भाव उडाले. २००८ मध्ये खडकाचा भाव टनाला ५० डॉलरच्या आसपासून ४०० च्या पार गेला होता, हे खतवाले अजून विसरलेले नाहीत.

पायरी ६: राखेची वाट

बहुतेक मोठी केंद्रं शेवटी इथेच येतात. करायच्या गोष्टी तीन: गाळ कोणत्या भट्टीत जातो ते ठरवा, राख कोणाकडे जाते ते ठरवा, आणि मधल्या काळात ती कुठे ठेवायची ते ठरवा.

भट्टी फक्त गाळाची हवी. सिमेंटच्या भट्टीत गाळ टाकला की फॉस्फरस क्लिंकरमध्ये (सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांत) मिसळून भिंतीत जातो, कायमचा. कोळशाबरोबर जाळला तर कोळशाच्या राखेत पातळ होतो. निव्वळ गाळाच्या भट्टीत, ८५०-९०० अंशांवर उकळत्या वाळूच्या थरात जाळल्यावर, आपल्या ५ टनांची सव्वादोन-अडीच टन राख होते आणि तिच्यात ७ टक्क्यांच्या आसपास फॉस्फरस. गरीब खाणीच्या खडकाशी बरोबरी करणारा माल.

पण वर्षाची राख फक्त ८००-९०० टन. हॅम्बुर्गमध्ये बंदराजवळच्या केंद्रात राखेतून फॉस्फोरिक आम्ल काढायचा जो प्रकल्प उभारला, तो वर्षाला सुमारे २० हजार टन राखेसाठी आखलेला आहे. म्हणजे आपल्यासारखी वीसेक केंद्रं एकत्र आली तर एक कारखाना चालतो. इथे काम रसायनशास्त्राचं कमी आणि नगरपालिकांच्या बैठकांचं जास्त. भट्टी कोणाच्या हद्दीत, ट्रक कोणाच्या रस्त्यावरून, वास कोणाला, यावर माझ्या आयुष्यातल्या किती संध्याकाळी गेल्या ते विचारू नका.

हॅम्बुर्गची पद्धत मला आवडते, कारण तिच्यातून जवळपास सगळं कुठे ना कुठे परत जातं. राख फॉस्फोरिक आम्लातच विरघळवतात. गंधकाम्ल घालून कॅल्शियम जिप्सम म्हणून वेगळा करतात, उरलेले धातू गाळून काढतात, आणि लोखंड-ॲल्युमिनियमचे क्षार परत सांडपाणी केंद्रात फॉस्फेट पाडायला वापरता येतात. गंमत म्हणजे १६६९ मध्ये याच हॅम्बुर्गात हेनिग ब्रांट नावाचा किमयागार लघवी आटवून सोनं शोधत होता आणि त्याला अंधारात चमकणारा फॉस्फरस सापडला. गावाला विषय नवा नाही.

दुसरी पद्धत राखेत सोडियमचे क्षार मिसळून ती पुन्हा तापवायची. काही जड धातू वाफ होऊन जातात आणि फॉस्फेट पिकाला घेता येईल अशा रूपात येतं. तिसरी, राख सरळ खत कारखान्यात खडकाच्या जोडीला घालायची. स्वस्त, पण राखेतलं तांबं, जस्त सगळं खतातच राहतं. खत कारखान्यांना लोखंडाची राख नको असते, हेही ध्यानात ठेवा. म्हणजे आज तुम्ही पाण्यात फेरिक टाकता का दुसरं काही, यावर दहा वर्षांनी तुमची राख कोण घेणार ते ठरतं.

कारखाना तयार नसेल तर? जर्मन कायद्यात सोय आहे. राख दुसऱ्या कचऱ्यात न मिसळता, नंतर काढता येईल अशी वेगळी साठवायची. करार करताना "साठवण" आणि "विल्हेवाट" हे शब्द नीट वाचा. राख एकदा मिसळली गेली की परत निवडता येत नाही.

पायरी ७: माल तयार झाला, पण तो अजून कचराच आहे

कायद्याच्या नजरेत सांडपाण्यातून निघालेली वस्तू कचरा असते, जोवर कुठला तरी नियम तिला खत म्हणत नाही. युरोपात २०१९ चा खत नियम १६ जुलै २०२२ पासून लागू झाला, आणि त्याच्या जोडनियमांनी स्ट्रुव्हाइटसारखे साचवलेले फॉस्फेट क्षार आणि राखेपासूनचा माल यांना दार उघडलं. फॉस्फेट खतात कॅडमियमची मर्यादा स्फुरदाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम. खाणीतल्या खडकात कॅडमियम ही मोठी अडचण असते, स्ट्रुव्हाइटमध्ये ते नगण्य. २०२३ पासून युरोपच्या सेंद्रिय शेतीतही परत मिळवलेलं स्ट्रुव्हाइट चालतं. रोगजंतू आणि सेंद्रिय कचऱ्याच्या अटी मात्र पाळाव्या लागतात, म्हणून धुणं आणि वाळवणं नीट करा. ओल्या मालात ट्रकच्या तळाशी गोळे होतात आणि मग खतविक्रेता दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

महाराष्ट्रात काय करता येईल

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांत महाराष्ट्राचं शहरी सांडपाणी रोज ९,१०७ दशलक्ष लिटर आहे, देशात सर्वांत जास्त. फॉस्फरस परत मिळवायची सक्ती मात्र आपल्याकडे नाही. दाब येतोय तो दुसऱ्या बाजूने. राष्ट्रीय हरित लवादाच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तळी-सरोवरांत सोडायच्या पाण्यासाठी एकूण फॉस्फरस लिटरला १ मिलिग्रॅमचा निकष आला. पाण्यातून काढलेला फॉस्फरस गाळातच जाणार. म्हणजे निकष पाळणाऱ्या प्रत्येक केंद्राचा गाळ आपोआप श्रीमंत होत जाणार.

भट्ट्या आणि राखेचा मार्ग आपल्याला आज परवडणारा नाही, आणि मला विचाराल तर गरजही नाही. गाळ निर्धोक करून शेतात नेणं हेच आपल्याकडे पहिलं पाऊल. अहमदाबादला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने कोबाल्ट-६० चे किरण देऊन गाळातले जंतू मारायचा प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला, रोज १०० टन कोरड्या गाळाचा. आपल्या भाषेत तर यासाठी शब्दही तयार आहे: सोनखत. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत याच कामासाठी संडासाची रचना बसवली होती. अडचण फक्त कारखान्यांच्या पाण्याची. गटारात प्लेटिंग युनिटचं पाणी मिसळत असेल तर सोनखतात निकेल-क्रोमियम येतं आणि किरण धातूंना काही करत नाहीत. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात कॅडमियम किलोला ५, शिसं १००, निकेल ५० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. गाळ त्यांच्यावर तपासून बघा, एका नमुन्यात कळतं.

एसबीआर पद्धतीचं (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणारं आणि गाळ बसवणारं) केंद्र चालवत असाल तर आणखी एक गोष्ट आजच बघा. गाळ थिकनरमध्ये (गाळ घट्ट करायच्या टाकीत) दोन-तीन दिवस पडून राहतो का? तिथे हवा संपली की जीवाणू फॉस्फेट सोडतात, वरचं पाणी परत टाकीत जातं, आणि तोच फॉस्फरस गोल गोल फिरत राहतो. बाहेरच्या पाण्याचा आकडा १ च्या खाली येत नाही, ऑपरेटर तुरटी वाढवतो, बिल वाढतं. गाळ रोजच्या रोज काढला तर यातलं बरंच थांबतं. यंत्र काही लागत नाही.

स्ट्रुव्हाइट विकायचं असेल तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातून जावं लागेल. तिथे प्रमाणित नसलेली वस्तू खत म्हणून विकता येत नाही. नव्या वस्तूसाठी कलम २०-अ मध्ये तात्पुरत्या खताची वाट आहे, आणि त्यासाठी शेतातल्या चाचण्या लागतात. म्हणून कृषी विद्यापीठाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, माल तयार झाल्यावर नको.

चाचणी कुठल्या जमिनीत घेता यावर निकाल ठरतो. स्ट्रुव्हाइट पाण्यात फार कमी विरघळतं, मुळांच्या आंबट स्रावात आणि आम्लधर्मी मातीत बरं विरघळतं. कोकणच्या जांभ्या मातीत ते शोभेल. मामाच्या काळ्या, चुनखडीच्या, आठच्या वर सामूच्या रानात मोठे मणी टाकले तर पुढच्या हंगामातही नांगराला तसेच सापडतील. तिथे ते दळून, शेणखतात मुरवून, लागणीच्या सरीत मुळांजवळ द्यावं लागेल. मी त्याला गेल्या सुट्टीत हे सगळं सांगितलं. त्याने कणी हातात घेतली, दाताखाली धरायला निघाला होता, मी हात धरला.

"मग एवढं खटाटोप करून बी अठरा-सेहेचाळीस घ्यायचंच का?"

"पहिली दोन वर्षं निम्मं. एका सरीत हे, शेजारच्या सरीत ते. ऊस तोडताना दोन्हीचं वजन वेगळं कर."

त्याने बांधाकडून तिसरी सरी दाखवली. तिथे पाणी शेवटपर्यंत पोचतं म्हणाला.